इंजिनाची नादपरीक्षा

मुंबईतील मोटारीचा जो इतिहास आजवर सांगितला गेला, तो बहुतांशी मोटार विकत घेणाऱ्यांचा आणि मोटार तयार करणाऱ्यांचा इतिहास आहे. १८९८ साली या शहराच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारी धावू लागल्या आणि त्यांच्या मालकांत जमशेटजी टाटा यांची गणना होती, १९२८ साली शिवडीला जनरल मोटर्सने सुटे भाग जोडून गाड्या उभ्या करण्याचा कारखाना घातला, १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, अशा ठळक घटनांची मालिका त्यात असते. परंतु या गाड्या रस्त्यावर आल्यानंतर ज्या हातांनी त्या वीस-वीस, तीस-तीस वर्षे चालत्या ठेवल्या, त्या हातांजवळ कोणती विद्या होती, ती कोठून आली आणि कोणत्या परिस्थितीने तिला आकार दिला, याचा विचार त्या कथनात क्वचितच होतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड या उपनगरांत, स्वातंत्र्यानंतरच्या अर्धशतकात, सोसायट्यांच्या पटांगणांत, जुन्या बंगल्यांच्या आवारांत आणि हमरस्त्यांच्या कडेला घातलेल्या पत्र्याच्या छपरांखाली ही विद्या नांदत होती. इंजिन वाजू लागले म्हणजे ते उघडण्यापूर्वी ऐकावे, ऐकून दोषाचे स्थान निश्चित करावे आणि जेवढे उघडणे अपरिहार्य असेल तेवढेच उघडावे, हा तिचा मूलमंत्र होता. ती टंचाईतून जन्मली हे निर्विवाद आहे. तथापि ती केवळ टंचाईची तडजोड म्हणून राहिली नाही, तर निरीक्षण, अनुमान आणि पडताळा या तिन्ही अंगांनी युक्त अशा शास्त्राची शिस्त तिला प्राप्त झाली, असे माझे मत आहे.

या विद्येचे मूळ शोधावयाचे तर घाटकोपरच्या शेजारच्या कुर्ल्याला जावे लागते. हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना निघावा असा आग्रह सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकातच धरला होता. युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून त्यांनी मुंबईसाठी तपशीलवार योजना तयार केली, आणि १९३७ साली अधिकारावर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने तिला पाठबळ देण्याची तयारीही दर्शविली. पुढे महायुद्ध सुरू झाले, १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ती योजना सरकारी दप्तरात पडून राहिली. तिचे सूत्र सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी उचलले. त्यांनी १९४० मध्ये अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार केला, युद्ध संपत आले तेव्हा कंपनी नोंदविली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डी सोटो आणि प्लिमथ या गाड्या बाहेर पडू लागल्या. या गाड्या अवाढव्य आणि खर्चिक होत्या. मध्यमवर्गाला परवडेल अशी लहान गाडी हवी होती. ती गरज ओळखून कंपनीने इटलीतील फियाटशी संबंध जोडला, १९५१ मध्ये फियाट ५०० आणि १९५४ मध्ये फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली. ज्या परदेशी कंपन्यांचा येथे प्रत्यक्ष उत्पादन करण्याचा इरादा नाही त्यांनी गाशा गुंडाळावा, असे धोरण भारत सरकारने १९५३ मध्ये ठरविले. त्यानुसार जनरल मोटर्सने शिवडीचे काम १९५४ मध्ये थांबविले आणि मुंबईच्या रस्त्यांवर कुर्ल्याच्या फियाटला मोकळे रान मिळाले. स्वतः वालचंद मात्र हे पाहावयास राहिले नाहीत. १९५३ सालीच त्यांचे निधन झाले.

दुरुस्तीच्या इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वस्तुस्थिती अशी की, या फियाटचे इंजिन मुळात १९३७ सालचे होते. तुरीन येथे त्या वर्षी निघालेल्या फियाट ५०८ सी या गाडीत बसविलेले १०८९ घनसेंटिमीटरचे, ६८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ७५ मिलिमीटर धावेच्या चार सिलिंडरांचे ते इंजिन, किरकोळ सुधारणांसह, कुर्ल्यात शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिले. गाडीचे बाह्यरूप पालटले, १९६४ च्या सुमारास ती 'डिलाइट' झाली, इटालियन कंपनीशी असलेला करार संपल्यावर 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावाने 'प्रीमियर पद्मिनी' म्हणून ओळखली जाऊ लागली. परंतु बोनेट उचलले की आत तेच इंजिन, तोच क्रँक, त्याच आठ झडपा आणि त्या हलविणारी तीच टॅपेटांची व रॉकरांची रचना. अर्थशास्त्रज्ञांनी या स्थितीला साचलेपण म्हटले आणि ते म्हणणे यथार्थ होते. परंतु त्याच साचलेपणाचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, बापाने जे इंजिन ऐकले तेच मुलानेही ऐकले, उस्तादाने ज्या आवाजावर हात बसविला त्याच आवाजावर त्याच्या चेल्याचा आणि चेल्याच्या चेल्याचाही बसला, आणि एका विशिष्ट यंत्राच्या निरोगी तसेच रोगट नादांविषयी एका संपूर्ण शहराजवळ सामायिक ज्ञानाचा संचय झाला. दर चार वर्षांनी नवी गाडी येणाऱ्या देशांत असा संचय होण्यास अवसरच नव्हता.

टंचाईने या ज्ञानाला गरजेची धार दिली. नवीन मोटार म्हणजे पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहण्याची वस्तू होती. मोटारींच्या विक्रीवर व वाटपावर सरकारचा ताबा होता, किमतीही सरकार ठरवीत असे, आणि किमतीचा वाद १९७१ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्याच्या दारी गाडी आली त्याला ती आयुष्यभर पुरवावयाची असे, आणि तिचे इंजिन मोडीत काढण्याचा विचार शेवटच्या उपायापर्यंत कोणाच्या मनात येत नसे. सुट्या भागांपैकी स्पार्क प्लग बंगळूरच्या मायको कंपनीचे मिळत, पिस्टन मद्रासचे मिळत; जे नवे मिळत नसे ते ऑपेरा हाउसच्या परिसरातील दुकानांत, चोरबाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे उलथापालथ करून शोधावे लागे. अशा स्थितीत निदान चुकणे महागात पडे. आवाज झडपेचा असताना बेअरिंगचा समजून कोणी इंजिन खाली उतरविले, तर हेडचे पॅकिंग, चेंबरचे म्हणजे तळाच्या तेलपात्राचे पॅकिंग, ऑइल आणि दोन दिवसांची मजुरी एवढा खर्च विनाकारण अंगावर येई. म्हणून कान तयार असणे ही हौसेची नव्हे, संसाराच्या हिशेबाची बाब होती.

उपनगरांची घडणही या विद्येला अनुकूल ठरली. १९५० मध्ये अंधेरी-जोगेश्वरी आणि घाटकोपर-भांडुपपर्यंतचा प्रदेश, आणि १९५७ मध्ये बोरिवली-दहिसर व मुलुंडपर्यंतचा प्रदेश मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला. दक्षिण मुंबईत मोटार रस्त्याच्या कडेला उभी राही. उपनगरांत इमारतीला पटांगण होते, झाडाची सावली होती, पाण्याचा नळ जवळ होता, आणि रविवारी सकाळी बोनेट उघडून बसलेल्या गृहस्थाला हटकणारा कोणी नव्हता. मोटार बाळगणाऱ्यांत फिरते डॉक्टर होते, ठेकेदार होते, कारखान्यांतले इंजिनियर होते. कामावर बहुतेकजण लोकलनेच जात, म्हणून गाडीला आठवडाभर विसावा आणि रविवारी शुश्रूषा मिळे. शिवाय पूर्वेकडे आग्रा रोड म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग आणि पश्चिमेकडे घोडबंदर रोड म्हणजे आजचा स्वामी विवेकानंद मार्ग, या दोन्ही हमरस्त्यांच्या काठाने कारखान्यांची रांग लागली. कुर्ल्यात प्रीमियर, भांडुपला टायर बनविणारी सिएट, कांदिवलीला महिंद्रांचा कारखाना. अंधेरीच्या मरोळला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत, आणि साकीनाक्याच्या गल्ल्यांत लेथ चालविणारे असंख्य लहान व्यावसायिक. मुलुंड व दहिसर येथील जकात नाक्यांवर मालमोटारींचा अखंड राबता असे, आणि त्यांच्या आश्रयाने नाक्यांच्या आसपास दुरुस्तीची दुकाने वाढली. १ जुलै २०१७ रोजी जकात रद्द झाली तेव्हा त्या नाक्यांचे प्रयोजन संपले. तेथे शिकलेली माणसे मात्र तोवर उपनगरभर पसरली होती.

हे शिकणे दोन वाटांनी होई. एक वाट सरकारी सनदेची: १९५० पासून देशभर सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतील औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यांत मिळणारी उमेदवारी. दुसरी वाट गॅरेजमधली. महापालिकेच्या गुमास्ता परवान्यावर चालणाऱ्या गॅरेजात बारा-तेरा वर्षांचा पोरगा येई, प्रथम वर्षभर पाने पुसून देई आणि रॉकेलमध्ये सुटे भाग धुऊन देई, नंतर नट कितपत आवळावा हे मनगटाला कळू लागे, आणि मग केव्हातरी उस्ताद त्याला चालू इंजिनाजवळ उभा करून विचारी की काय ऐकू येते. कोकणातून आलेले, उत्तर प्रदेशातून आलेले, दक्षिण कर्नाटकातून आलेले आणि फाळणीनंतर चेंबूर व मुलुंडच्या वसाहतींत स्थिरावलेले सिंधी-पंजाबी असे नाना प्रांतांचे लोक या व्यवसायात एकत्र आले. बालकामगारीचे जे कठोर वास्तव या दुसऱ्या वाटेत होते ते झाकण्याचे कारण नाही. अनेक पोरांचे शाळेचे दार त्याच दिवशी बंद झाले. तथापि प्रशिक्षण संस्थेतून आलेल्याला इंजिनाची आकृती येत असे आणि गॅरेजातून आलेल्याला इंजिनाचा आवाज येत असे. उपनगरांतले उत्तम मेस्त्री जेव्हा निपजले तेव्हा या दोन्हींचा संयोग झालेला होता.

आता त्या नादपरीक्षेचे स्वरूप पाहावे. वैद्य जशी तीन बोटांखाली नाडी ठेवून वात, पित्त व कफ यांची गती वेगवेगळी ओळखतो, तसा मेस्त्री एक लांब पेचकस इंजिनाच्या अंगावर टेकवी, त्याची लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावी आणि चालू इंजिनाच्या एकेका भागाचा आवाज अलग करून ऐके. पोलादी दांड्यातून कंपने थेट हाडापर्यंत येतात आणि पंख्याचा, हवेचा व रस्त्याचा गलबला मागे पडतो, हे त्यामागील भौतिक तत्त्व होय. लेनेक या फ्रेंच वैद्याने १८१६ मध्ये कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावून जे साधले, तेच येथे पेचकसाने साधले जाई. पेचकस हेडच्या झाकणावर असताना आवाज वाढला तर दोष वरच्या अंगाला, चेंबरच्या बाजूला वाढला तर खालच्या अंगाला, पुढच्या झाकणावर वाढला तर टायमिंगच्या साखळीत, असा पहिला कौल मिळे.

दुसरा कौल तालावरून मिळे. चार आघातांच्या इंजिनात कॅमचा दांडा क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एक सैल टॅपेट मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सातच्या आतबाहेर वाजतो. ही हलकी, धातूची, अखंड टिकटिक असते आणि वेग वाढविला की ती त्याच प्रमाणात जलद होते. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका याहून दुप्पट वेगाचा, अधिक खोल आणि भरीव. गाडी चढावरून सुटून सपाटीला आली किंवा ॲक्सिलरेटरवरून पाय अचानक उचलला की तो विशेष उमटे, आणि ऑइलच्या दाबाचा लाल दिवा त्याच सुमारास लुकलुकू लागला तर संशयाला जागा उरत नसे. तो कोणत्या सिलिंडरचा हे ठरविण्याची युक्ती सोपी होती: प्लगांच्या तारा एकामागून एक काढाव्यात, ज्या सिलिंडरचा स्फोट थांबताच ठोका दबला, त्याच्या खालचे बेअरिंग झिजले. मुख्य बेअरिंगांचा आवाज त्याहूनही जड, ओझ्याखाली येणारा. सकाळी थंड इंजिनावर ठकठक ऐकू येऊन पाचदहा मिनिटांत विरली, तर पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो आहे. तापल्यावर पिस्टन प्रसरण पावतो, फट भरून निघते आणि आवाज मावळतो. चढणीवर तिसऱ्या गिअरात पत्र्याच्या डब्यात खडे हलविल्यासारखी किणकिण आली, तर दोष धातूत नसून ज्वलनात आहे: ठिणगी वेळेपूर्वी पडते, किंवा आत काजळी साचली आहे, किंवा पेट्रोलात कोणीतरी रॉकेल मिसळले आहे. या किणकिणीला डिस्ट्रिब्युटरचा स्क्रू सैल करून त्याला केसभर मागे फिरविणे हा घरगुती उतारा होता आणि बहुतेक वेळा तो लागू पडे.

फसविणारे आवाजही होते. एक्झॉस्टचे पॅकिंग जळाले असता निघणारी फुसफुस कच्च्या कानाला टॅपेटासारखी भासे. पेट्रोलपंपाच्या दांडीची टकटकही तशीच. म्हणून जाणता मेस्त्री नेहमी स्वस्त शंका आधी निवारी. पंख्याचा पट्टा काढून इंजिन अर्धा मिनिट चालविले आणि आवाज गेला, तर डायनॅमो किंवा पाण्याचा पंप दोषी. दोन रुपयांच्या पट्ट्याने दोन हजारांचे काम वाचे. कोणत्याही निदानशास्त्रात हीच रीत आदर्श मानली जाते: ज्या परीक्षेला खर्च नाही ती प्रथम, ज्या परीक्षेने शरीर उघडावे लागते ती सर्वांच्या शेवटी.

घरच्या घरी होणाऱ्या कामांत टॅपेट बसविणे हे काम सर्वांत प्रतिष्ठेचे होते. रॉकर आणि झडपेचा दांडा यांच्यामध्ये मिलिमीटरच्या अंशाएवढी फट ठेवावी लागते, कारण झडप तापली की लांबते आणि फट नसेल तर ती पूर्ण बंद होत नाही. रविवारच्या सकाळी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचे वरचे झाकण काढून फडक्यावर पालथे ठेवले जाई. त्याच्या कडेचे बुचाचे पॅकिंग फाटू नये म्हणून ते दोन्ही हातांनी सरळ उचलावयाचे असे. मग समोरच्या भोकातून हँडल घालून क्रँक सावकाश फिरवावयाचा आणि कोणती झडप पूर्ण दबली आहे ते पाहावयाचे. येथे नवाच्या बेरजेचा नियम उपयोगी पडे: आठवी झडप पूर्ण उघडलेली असताना पहिली बसवावी, सातवी उघडलेली असताना दुसरी, सहावी असताना तिसरी, आणि याच क्रमाने पुढे, उघडलेली आणि बसवावयाची यांच्या आकड्यांची बेरीज सदैव नऊ. पहिला आणि चौथा पिस्टन एकाच वेळी वर येतात, परंतु एकाचा स्फोट होतो तेव्हा दुसरा धूर बाहेर टाकून नवी हवा ओढण्याच्या बेतात असतो, या इंजिनाच्या घटनेतूनच तो नियम निघतो. परंतु अक्षरशत्रू पोरालाही तो पाठ असे. फटीत फिलर गेजचे पाते सरकवावयाचे, ते मोकळे सुटता कामा नये आणि अडकताही कामा नये, बोटांना किंचित ओढ जाणवली पाहिजे. गेज नसलेले लोक दाढीच्या पात्याने काम भागवीत, कारण त्याची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते आणि तेवढा अंदाज धरून पुढचे मनगट सांगे. स्क्रू पेचकसाने धरून ठेवून पान्याने चेकनट आवळताना फट हमखास बदलते. म्हणून आवळल्यावर पाते पुन्हा घालून पाहणे अनिवार्य. हे जो पाहत नसे त्याचे इंजिन झाकण लावल्यावर पूर्ववत वाजे, आणि सर्व सोसायटीला ते ऐकू जाई.

या कामात नवशिक्याची एक चूक ठरलेली असे: आवाज अजिबात नको म्हणून तो फट प्रमाणाबाहेर कमी करी. इंजिन त्या दिवसापुरते शांत होई, परंतु काही महिन्यांत झडप जळे, दाब जाई आणि गाडी चढावर दम टाकू लागे. म्हणून वाजता टॅपेट बरा, मुका टॅपेट वाईट, अशी शिकवण उस्ताद आरंभीच देत. नादपरीक्षेचे सर्वांत परिपक्व तत्त्व मला या शिकवणीत आढळते: शांतता हे आरोग्याचे प्रमाण नव्हे, आणि कोणता आवाज यंत्राच्या प्रकृतीचा व कोणता विकृतीचा हे ओळखणे म्हणजे निदान. शतकाच्या अखेरीस या तत्त्वाची मोठ्या प्रमाणावर कसोटी लागली. १९९५ पासून मुंबईत शिसेविरहित पेट्रोल आले. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाचा विचार करण्यासाठी परिवहन आयुक्त लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत शहरातील टॅक्स्या मोठ्या संख्येने सीएनजीवर गेल्या. शिशाचा जो पातळ लेप झडपांच्या बैठकांना जपत असे तो नाहीसा झाला, वायू कोरडा जळू लागला, बैठका झिजून झडपा आत रुतू लागल्या, आणि झडप रुतली की टॅपेटाची फट आपोआप कमी होते. याचा अर्थ असा की, या रोगात इंजिन वाजत नाही, गप्प होते. ज्या चालकांनी व मेस्त्र्यांनी ही शांतता ओळखून टॅपेट वेळेपूर्वी पाहावयाची वहिवाट घातली, त्यांची इंजिने टिकली. नव्या इंधनाने आलेला नवा रोग जुन्या विद्येनेच आकळला.

घरगुती दुरुस्तीला मर्यादा होत्या आणि त्या पाळणे हाही शहाणपणाचा भाग होता. टॅपेट, पॉइंट, प्लग, कार्बोरेटरची सफाई, पाण्याचा पंप, फार तर हेड उतरवून काजळी खरवडणे आणि झडपा घासणे एवढे पटांगणात साधे. सिलिंडर घासले असतील तर ब्लॉक हातगाडीवर घालून बोअरिंगवाल्याकडे पोहोचवावा लागे; तो भोक मोठे करी आणि त्या मापाचा ओव्हरसाइझ पिस्टन बसवी. क्रँक झिजला असेल तर त्याचे ग्राइंडिंग होऊन अंडरसाइझ बेअरिंगे पडत. दर खेपेला धातूचा एक थर जाई, म्हणून इंजिनाला किती पुनर्जन्म शिल्लक आहेत हे त्याच्या मापावरून सांगता येई. साकीनाका आणि कुर्ला येथील या यंत्रशाळा, भागांचे दुकानदार, गॅरेजवाले आणि गाडीचे मालक यांची मिळून एक व्यवस्था उभी राहिली होती. तिच्या प्रत्येक पायरीवर काम पुढे पाठवावयाचे की येथेच संपवावयाचे याचा निर्णय पुन्हा कानावरच अवलंबून असे.

या व्यवस्थेचा पाया १४ डिसेंबर १९८३ रोजी हलला. त्या दिवशी दिल्लीजवळच्या कारखान्यातून मारुती ८०० ची पहिली गाडी तिच्या मालकाच्या हाती देण्यात आली. तिचे ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन हलके, जलद आणि फियाटच्या मानाने मुके होते; पुढे वर्षानुवर्षे वाट पाहणे संपले, भाग सर्वत्र मिळू लागले, आणि शतक पालटताना प्रदूषणाच्या नियमांनी कार्बोरेटर व डिस्ट्रिब्युटर यांना निरोप दिला. पुष्कळ नव्या इंजिनांत टॅपेटाची फट तेलाच्या दाबाने आपोआप सांभाळली जाते, त्यामुळे हँडल, गेज आणि नवाची बेरीज यांचे प्रयोजनच उरले नाही. २०१० पासून गाड्यांत दोषांची नोंद ठेवणारी संगणकीय यंत्रणा सक्तीची झाली आणि स्कॅनर जोडून दोषाचा क्रमांक वाचणे हे निदानाचे पहिले पाऊल बनले. लोकांचे यात निःसंशय हित झाले: इंजिने अधिक टिकतात, हवा कमी बिघडवतात आणि रस्त्यात दगा देत नाहीत. शिवाय ऐकणे नाहीसे झाले असेही नाही. आजच्या इंजिनाच्या ब्लॉकवर एक लहान स्फटिकयुक्त संवेदक आवळलेला असतो. ज्वलनाची ती किणकिण उमटताच त्याच्यात विद्युद्भार निर्माण होतो आणि संगणक ठिणगी क्षणार्धात मागे ओढतो. घाटकोपरच्या मेस्त्र्याने डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवून जे केले, तेच तो सेकंदात अनेकदा करतो. मात्र बेअरिंग झिजत आहे, पंप घासत आहे, हे सांगणारा क्रमांक स्कॅनरच्या पडद्यावर बहुधा येत नाही. तेथे आजही गॅरेजातला सर्वांत वयस्क माणूस बोलावला जातो.

प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन शतकाच्या वळणावर थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदविलेल्या शेवटच्या पद्मिनीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली होती, आणि टॅक्सीच्या वयाची वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती गाडी टॅक्सी म्हणून शहरातून कायमची बाद झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून काळ्या-पिवळ्या रंगाविषयी आणि जुन्या चित्रपटांविषयी पुष्कळ हळहळ व्यक्त झाली, एखादी टॅक्सी संग्रहालयात ठेवावी अशी मागणीही पुढे आली. ती मागणी योग्यच आहे, परंतु अपुरी आहे. संग्रहालयात ठेवलेली गाडी चालू होणार नाही, आणि चालू न होणाऱ्या गाडीत या विद्येचा अंशही शिल्लक राहणार नाही.

कापडगिरण्यांच्या बाबतीत या शहराने हाच प्रमाद केला. माग भंगारात गेले, चिमण्या पडल्या, आणि सुताचा ताण बोटाने ओळखणाऱ्या विणकरांचे ज्ञान टिपून ठेवण्याची तजवीज वेळीच पुरेशी झाली नाही. इंजिनाच्या बाबतीत अजून वेळ आहे, कारण कुर्ला, साकीनाका, मुलुंड आणि बोरिवली येथील गॅरेजांत १९७०-८० च्या दशकांत शिकलेले मेस्त्री आज साठी-सत्तरीचे असून पुष्कळांचे हात आणि कान शाबूत आहेत. खाजगी मालकांनी जपलेल्या फियाट अद्यापि चालू आहेत. आवाज ध्वनिमुद्रित करणे आज प्रत्येकाच्या खिशातल्या यंत्राने शक्य आहे. उपनगरांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या मेस्त्र्यांना मानधन देऊन पाचारण करावे. सैल टॅपेट, झिजलेले बेअरिंग, आपटणारा पिस्टन, ताणलेली साखळी यांचे नाद चालू इंजिनावर मुद्दाम निर्माण करून मुद्रित करावेत. प्रत्येक नादाबरोबर मेस्त्र्याने त्याच्याच शब्दांत सांगितलेली लक्षणे, त्याने घेतलेल्या परीक्षा आणि उघडल्यावर आढळलेला दोष यांची नोंद ठेवावी. मराठी विश्वकोशाच्या पहिल्याच खंडात अंतर्ज्वलन-एंजिनाची सविस्तर माहिती आहे. इंजिन कसे चालते हे त्यात वाचावयास मिळते. ते बिघडल्यावर कसे बोलते, ही त्या ज्ञानाची दुसरी अर्धी बाजू मराठीत लिहिली जाणे अगत्याचे आहे, आणि ती लिहून देऊ शकणारी माणसे हयात आहेत तोवरच ते काम होण्यासारखे आहे.